डांबरगोळीचा वास जमिनीतून आला तर

ठेवणीतली साडी काढली की आधी डांबरगोळीचा वास येतो. सुरतच्या लिंबायतमध्ये घरोघरी साड्यांचं धागा कटिंग चालतं, टिकल्या लावल्या जातात. आसपासच्या मिलांत खानदेशातून आलेली माणसं कापड रंगवतात. हा वास आणि हे रंग यांचं मूळ एकच, दगडी कोळशाचं डांबर. गोळीतलं नॅफ्थलीन या डांबरातच पहिल्यांदा सापडलं. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं डांबरातल्या ॲनिलिनपासून जांभळा रंग केला आणि कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला.

हे डांबर यायचं गॅसच्या कारखान्यांतून. विजेआधी शहरातले दिवे कोळशाच्या गॅसवर जळत. मुंबईत ते 1865 मध्ये लागले. लालबागची ‘गॅस कंपनी’ त्याच काळाची खूण. बंद भट्टीत, हवा लागू न देता कोळसा तापवला की जळाऊ वायू सुटतो. तो थंड होताना डांबर खाली बसतं. मग लोहाच्या ऑक्साइडमधून वायू सोडून गंधक आणि सायनाइड काढून घेत. वापरून संपलेलं हे ऑक्साइड निळसर पडे. डांबराला गिऱ्हाईक मिळे तेवढं विकलं जाई. बाकीचं खड्ड्यात आणि टाक्यांच्या तळाशी राही.

कारखाने गेले, डांबर राहिलं. ते पाण्यापेक्षा जड, म्हणून तेलासारखं तरंगत नाही. वाळू-मुरमातून झिरपत चिकणमातीच्या थरावर साचतं आणि भूजलात वर्षानुवर्षं थोडं थोडं उतरत राहतं. त्यातलं बेंझीन आणि बेंझोपायरीन कर्करोगाला कारण ठरतं. 1915 मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग होतो हे दाखवलं.

अशी जमीन साफ करायची तर आधी बोअर घेऊन खोलीनुसार माती तपासावी लागते. फार बिघडलेली माती उपसून तापवतात; विषारी द्रव्यं वाफ होऊन निघतात आणि ती वाफ पकडून जाळतात. कुठे मातीत सिमेंट मिसळून डांबर जागीच जखडतात. सौम्य भागात काम जिवाणूंवर सोपवतात. सिॲटलचा गॅस कारखाना 1956 मध्ये बंद झाला. मातीत गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना खाद्य दिलं आणि 1975 मध्ये तिथे बाग खुली झाली. तरीही सफाईचं काम पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. गाडायला एक दिवस पुरतो, काढायला पिढी जाते.

भारतात दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै 2025 मध्ये आले. संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण नियंत्रण मंडळानं तपासायच्या आणि ज्यानं घाण केली त्यानं खर्च सोसायचा, हा त्यांचा गाभा. सुरतेसारख्या रंगाच्या शहराला ते फार मोलाचे आहेत. मिठी खाडीला पूर आला की जमिनीतली घाण पाण्याबरोबर लिंबायतच्या घरांत शिरू शकते. म्हणून जुन्या कारखान्याच्या जागेवर सोसायटी बांधायची असेल, तर नकाशाबरोबर मातीचा अहवालही मागायला हवा.

आणि पाया खणणाऱ्या मजुरांना एवढं तरी आवर्जून सांगावं: काळी तेलकट माती लागली, निळा पट्टा दिसला किंवा डांबरगोळीचा वास आला, तर कुदळ थांबवा. ती माती हातानं उपसू नका, भरावालाही वापरू नका. आधी पालिकेला कळवा.