रान बघून बेणं, अंग बघून व्यायाम



ऊस नोंदणी आणि प्लॉट पाहणीच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची माणसे वर्षभर गावोगाव फिरतो. बांधावर उभे राहिले की बोलणे खताचे, पाण्याचे, तोडणीच्या पाळीचे निघते. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. जिमला नाव घालू काय?" कुणाच्या रक्तातली साखर वाढलेली असते, कुणाचे गुडघे धरलेले असतात, तर कुणाचा मुलगा जिमच्या फीसाठी मागे लागलेला असतो. साखर गोदामात वाढावी, रक्तात वाढू नये, हे आपण सगळेच मान्य करू. औषधपाणी सांगणे हे डॉक्टरांचे काम. पण नवखा माणूस व्यायाम निवडताना कुठे फसतो आणि त्याचे पैसे कुठे वाया जातात, हे फिरतीत आमच्या नजरेस येते. तेवढेच येथे मांडत आहोत.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला?

असा सवाल बरेच जण करतात. मोट, औत आणि बैलगाडीच्या काळात तो रास्त होता. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकच्या कॉकवर फिरते, तोडणी टोळी करते आणि रानात जायला मोटारसायकल आहे. जो सभासद आजही स्वतः खुरपतो, पाटाचे पाणी पाजतो, त्याची हालचाल भरपूर होते. पण ज्याचे रान दुसऱ्याच्या हातांनी पिकते, त्याने "आम्ही कष्टाची माणसं" एवढ्यावर समाधान मानू नये.

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान २ दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे. झपझप चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढ्यासाठी कुणालाही एक पैसा द्यावा लागत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आधी माती परीक्षण

शेजाऱ्याने जी जात लावली तीच आपण डोळे झाकून लावत नाही. क्षारपड रान असेल तर फुले २६५ चा विचार करतो, माती तपासून खताचा डोस ठरवतो. शरीराचेही तसेच आहे. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, ज्यांच्या घरात हृदयविकार आहे किंवा चढ चढताना ज्यांची छाती भरून येते, त्यांनी जिमची पायरी चढण्याआधी डॉक्टरांची पायरी चढावी. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. डॉक्टर म्हणतील तर ईसीजी काढावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. थरथर, घाम, डोके हलके होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्यायाम थांबवून ३ चमचे साखर पाण्यातून घ्यावी. खिशात साखरेची पुडी ठेवायला ऊस उत्पादकाने तरी विसरू नये. छातीत दडपण आले, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर "गॅस झालाय" म्हणून ओवा चावत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

तालीम, जिम की अंगण?

आपल्या भागाला तालमीची परंपरा मोठी आहे. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यांची सुरुवात गावच्या मातीतलीच. वाढत्या वयाच्या मुलाला चांगला वस्ताद मिळत असेल, तर तालमीसारखी दुसरी शाळा नाही. मात्र पंचेचाळिशीच्या माणसाने जुन्या आठवणीवर पहिल्याच दिवशी २०० बैठका मारू नयेत. गुडघे जुने हिशेब चुकते करतात.

जिमचा फायदा असा, की वजन मोजून कमीजास्त करता येते. गुडघा किंवा खांदा दुखरा असेल तर बसून, टेकून करण्याचे व्यायाम तेथे मिळतात. तोटा एवढाच, की तेथे जावे लागते.

तिसरी वाट अंगणातली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हयातभर केला, तो साधनावाचून सगळे अंग हलते म्हणूनच. बांधावरून अर्धा तास चालणे, ५-६ सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून १० जोर. नवख्याला महिनाभर एवढे पुरते. आमचे मत विचाराल तर आधी हा महिना घरी काढावा. घरचे ३० दिवस जमले नाहीत, तर भरलेली फी ते जमवून देणार नाही.

जिम बघायला जाताना

१. अंतर : जिम रोजच्या वाटेवर असावी. दूध घालायला, मुलांना शाळेत सोडायला ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्यावरची साधी जिम, २० किलोमीटरवरच्या चकचकीत जिमपेक्षा बरी.

२. वेळ : ज्या वेळी आपण जाणार, त्याच वेळी बघायला जावे. दुपारी मोकळी दिसणारी जिम संध्याकाळी पोरांनी भरलेली असते. भगिनींनी महिलांची वेगळी वेळ आहे का, शिकवायला बाई आहेत का, हे विचारावे. पाळीच्या वयानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, म्हणून ताकदीचा व्यायाम त्यांनाही पुरुषांइतकाच गरजेचा आहे.

३. शिकवणारा : त्याचे शिक्षण कुठे झाले ते विचारावे. त्याहून मोठी परीक्षा अशी, की तो तुम्हाला आजार, जुनी दुखापत, औषधे याविषयी काही विचारतो का? काही न विचारता जो थेट वजन हातात देतो, तो माती न बघता खताचा डोस सांगणाऱ्या दुकानदारासारखा समजावा.

४. जागा व साहित्य : हवा खेळती हवी. यंत्राच्या तारा उसवलेल्या नसाव्यात, खालची फरशी ओली व निसरडी नसावी, पिण्याचे पाणी असावे.

५. फी : ऊसबिल खात्यावर जमा झाले, की वर्षाची फी एकरकमी भरण्याचा मोह होतो. "वर्षाची भरा, ४ महिने फुकट" असे सांगणारेही भेटतात. पहिल्यांदा १ महिन्याचीच फी भरावी, महाग पडली तरी. पक्की पावती घ्यावी. मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावे. तोंडी बोललेले पुढे कुणी मानत नाही.

पहिले ३ महिने

लागण झाली की लगेच कुणी मोळी बांधायला जात नाही. उगवण, फुटवे, मग कांडी. पहिले ३ महिने हे उगवणीचे. आठवड्यात ३ दिवस पुरे, मध्ये एकेक दिवस विश्रांती. सुरुवातीला ५ ते १० मिनिटे अंग गरम करावे. वजन असे घ्यावे, की १० ते १२ वेळा नीट उचलून झाल्यावर आणखी २-३ वेळा उचलता आले असते असे वाटावे. २ आठवडे ते सोपे जाऊ लागले, की थोडेसे वाढवावे. शेजारचा पोरगा किती उचलतो तिकडे बघू नये.

पहिल्या आठवड्यात अंग दुखणारच. एक-दोन दिवसांनी ते जास्त जाणवते आणि मग उतरते. पण सांध्यात कळ येत असेल तर थांबावे. अंग भयंकर दुखून लघवी काळसर चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायूंची मोठी इजा झाल्याची ती खूण असते आणि त्यात मूत्रपिंडाला धोका पोचतो.

ज्या आठवड्यात रात्रीचे पाणी असेल, त्या आठवड्यात झोप आधी, व्यायाम नंतर. तुटाळी पडली म्हणून आपण प्लॉट मोडत नाही, नांग्या भरतो. ४ दिवस चुकले तर पाचव्या दिवशी पुन्हा जावे.

डबे आणि इंजेक्शने

आता तरुण सभासदांशी व त्यांच्या आईवडिलांशी थोडे कडक बोलतो. प्रोटीनचा डबा हे अन्नच आहे, पण नवख्याला त्याची गरज क्वचित पडते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीबरोबर डाळ, उसळ वाढवली तर भागते. स्टेरॉईडच्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी. २ महिन्यांत दंड फुगवणारे हे औषध यकृत आणि हृदय बिघडवते, वीर्य कमी करते, पुढे मूल होण्यात अडचण आणते. ज्या जिममध्ये असे काही हळूच विकले जाते, तेथून त्याच दिवशी मुलाचे नाव काढावे. फी बुडाली तर बुडू द्यावी.

सभासद बंधूंनो, नवख्यासाठी सर्वांत चांगला व्यायाम कोणता, या प्रश्नाचे आमचे उत्तर साधे आहे. जो अंगाला झेपतो, वाटेवर सापडतो आणि कामाच्या घाईतही सुटत नाही तो. सुरुवात उन्हाळ्यात करा की पावसाळ्यात, खरी कसोटी गळीत हंगामात लागते. टोळी रानात, वाहन बांधावर आणि फोन सारखा वाजत असताना आठवड्यातले ३ दिवस टिकले, तर निवड बरोबर झाली असे समजावे.

– ऊस विकास अधिकारी