उन्हाळी गणितशाळा : चार आठवड्यांची गुंतवणूक

वैशाख उजाडला की व्यापारी पेठेतील घरांचे वेळापत्रक ठरून गेलेले असते. अक्षय्य तृतीयेची खरेदी, लग्नसराईची गर्दी आणि जूनपूर्वी नवा माल भरण्याची धांदल. दुकानावर एक हात अधिक असेल तर हवाच असतो. नेमक्या याच दिवसांत एम.एस्सी.ला गणित शिकणारी घरातील मुलगी सांगते, की तिची चार आठवड्यांच्या उन्हाळी गणितशाळेसाठी निवड झाली आहे. त्या शाळेतून पदवी मिळत नाही, नोकरीची हमी मिळत नाही. साहजिकच घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मग यातून मिळणार काय?"

प्रश्न व्यवहारी आहे आणि त्याला उत्तरही आहे. मात्र ते समजण्यासाठी या शाळेत नेमके काय घडते, हे आधी पाहावे लागते.

मुंबईत उगवलेला विचार

भारतातील अशा शाळांमध्ये 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च', म्हणजेच 'एमटीटीएस', या कार्यक्रमाचे स्थान मोठे आहे. मुंबई विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने त्याला आर्थिक पाठबळ दिले. बी.एस्सी.च्या मधल्या वर्षांपासून एम.एस्सी.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रमाच्या तीन पायऱ्या आखण्यात आल्या. शिक्षक निरनिराळ्या विद्यापीठांतून आणि संशोधन संस्थांतून येतात. सुट्टीत वर्ग रिकामे असतात, वसतिगृहांत जागा असते आणि प्राध्यापकांना सलग वेळ मिळतो, म्हणून मे-जूनचा काळ या कामासाठी सोयीचा ठरला.

या उपक्रमामागे एक जुनी खंत होती. अनेक महाविद्यालयांत गणित हा पाठांतराचा विषय होऊन बसला आहे. फळ्यावरचे वहीत उतरते, वहीतले उत्तरपत्रिकेत जाते आणि गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी उमटते. सिद्धता तोंडपाठ असते, पण त्यातील एखादी अट काढून टाकली तर काय बिघडेल, हे सांगता येत नाही. उन्हाळी शाळेचा खरा आरंभ याच उणिवेपासून होतो.

एका व्याख्येचा सौदा

या वर्गांत शिक्षक सलग व्याख्यान देत नाहीत, ते विचारतात. समजा, विषय क्रमिकेच्या सीमेचा आहे. विद्यार्थी पुस्तकातील व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. लगेच प्रश्न येतो, "याचा अर्थ काय?" आणि वर्गात शांतता पसरते.

खरे तर हा अर्थ व्यापाऱ्याला सौद्याच्या रूपात सहज उमजेल. १, १/२, १/३, १/४ अशी क्रमिका घ्यावी. व्यापाऱ्याचा दावा असा, की ही पदे शून्याकडे जातात. ग्राहक अट घालतो, "शून्यापासूनचा फरक एक शतांशाहून कमी हवा." व्यापारी उत्तरतो, "शंभराव्या पदाच्या पुढचे कोणतेही पद घ्या." ग्राहक अट कडक करतो, "एक सहस्रांश." उत्तर येते, "हजाराव्याच्या पुढचे घ्या." ग्राहकाने अट कितीही कडक केली, तरी व्यापाऱ्याकडे प्रत्येक वेळी असा टप्पा दाखवण्याची तयारी असेल, तर त्याचा दावा खरा. सीमेची व्याख्या एवढेच सांगते.

आता १, −१, १, −१ अशी अखंड चालणारी क्रमिका घ्यावी. तिला सीमा आहे, असे कोणी म्हटले, तर ग्राहकाने केवळ "फरक अर्ध्याहून कमी हवा" इतकी सैल अट घातली तरी सौदा मोडतो. १ आणि −१ यांच्यात २ चे अंतर आहे. कोणतीही एक संख्या त्या दोघांच्याही इतक्या जवळ राहूच शकत नाही.

असे एक-एक उदाहरण विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, फळ्यापाशी जाऊन मांडावे, चुकावे आणि सहाध्यायांच्या प्रश्नांना उत्तर देत ते दुरुस्त करावे, ही या शाळेची रीत. तासभरात एखादीच व्याख्या पुरी झाली, तरी कोणी घाई करत नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात तीच चर्चा पुढे चालू राहते. जिल्ह्याच्या गावातून आलेली, इंग्रजीत बोलायला बिचकणारी मुलगी पहिल्या दिवसांत मागच्या बाकावर गप्प बसते. पुढे तीच उठून "हे मला पटले नाही" असे म्हणू लागते. विद्यार्थ्यामध्ये शिक्षकांना पाहायचा असतो तो हाच बदल.

संशोधनाच्या उंबरठ्यावर

पीएच.डी.ला नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठी पुढची पायरीही आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स' या नावाने चालणाऱ्या शाळांचे संयोजन राष्ट्रीय गणित केंद्र करते. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबईची आयआयटी यांचे हे संयुक्त केंद्र पवईत आहे. या शाळांत बीजगणित, विश्लेषण, टोपॉलॉजी या मूलभूत विषयांचा पाया पक्का करून घेतला जातो. व्याख्यानांबरोबरच विद्यार्थ्यांनी स्वतः गणिते सोडवण्याच्या सत्रांनाही वेळ दिला जातो. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठाननेही अशा शाळांचे यजमानपद भूषवले आहे.

ही परंपरा भारताबाहेरही रुजलेली आहे. इटलीत १९५४ पासून अशा उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र संस्था आहे. फ्रान्समधील सँ-फ्लूर या लहानशा गावात १९७१ पासून संभाव्यताशास्त्राची उन्हाळी शाळा भरते. तेथील व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध होतात आणि जगभरचे संशोधक ती अभ्यासतात. गाव लहान, पण चार जाणकार आणि जिज्ञासू तरुण एकत्र बसले की विद्येची पेठ उभी राहते.

हिशेब कसा मांडावा?

आता घरातील त्या पहिल्या प्रश्नाकडे परतता येईल. पैशांचा भार मोठा नसतो. निवास, भोजन आणि प्रवास यांचा खर्च अशा शाळांमध्ये बहुतांशी अनुदानातून भागवला जातो. नेमक्या अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. अर्ज उन्हाळ्याच्या बराच आधी करावा लागतो आणि त्यासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. मुक्काम सहसा यजमान संस्थेच्या वसतिगृहात असतो. पालकांनी व्यवस्थेची चौकशी जरूर करावी. ती केल्यावर मन निःशंक होते.

घराला खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची. ऐन हंगामातील चार आठवडे, एखादे जवळचे लग्न, दुकानातील एक विश्वासाचा हात. मुलाच्या बाबतीत ही किंमत मोजायला घर लवकर तयार होते. मुलीच्या बाबतीत मात्र "पुढच्या वर्षी बघू" असे म्हटले जाते. पण पुढच्या वर्षी ती एम.एस्सी.च्या बाहेर पडलेली असते, आणि त्या पायरीचे दार बंद झालेले असते.

जमेच्या बाजूला काय उरते? पुढे ती संशोधनाकडे वळली, तर पाया भक्कम असतो आणि देशभर पसरलेले सोबती असतात. शिक्षिका झाली, तर तिच्या वर्गातील मुले पाठांतरापासून वाचतात. आणि दुकानाच्या गादीवर बसली, तरी समोर मांडलेल्या प्रत्येक दाव्याला "हे कशावरून?" असे विचारण्याची सवय तिच्यापाशी राहते. जुन्या पेढ्यांतील जाणते मुनीम हाच प्रश्न विचारून खतावणी तपासत असत. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या या प्रश्नाची किंमत ओळखली, त्यांना तो शिकवणाऱ्या शाळेची किंमत कळणे अवघड नाही. गल्ल्यावर चार आठवडे दुसरे कोणी बसू शकते. त्या वर्गात मात्र तिच्या जागी कोणालाच बसता येणार नाही.