माणकाच्या पोटातलं रेशीम

पोरांनो, इंग्लंडच्या राजाचा मुकुट लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेला असतो. त्याच्या पुढच्या बाजूला, मधोमध, जवळजवळ पाच सेंटिमीटर लांबीचा लालभडक खडा आहे. ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणतात त्याला. पण गंमत ऐका, ते माणिक नाहीच! ते आहे स्पिनेल. ही दोन निरनिराळी खनिजं आहेत हे रोमे द लील या फ्रेंच खनिजतज्ज्ञानं दाखवून दिलं ते १७८३ साली. तोवर राजेरजवाड्यांनी शतकानुशतकं स्पिनेलच माणिक म्हणून मिरवलं.

मग ओळखायचं कसं? नुसत्या लालीवर जाऊ नका, दोघांनाही ती क्रोमियमच देतं. जवाहिऱ्याकडे डायक्रोस्कोप नावाची छोटी नळी असते. तिच्यातून खडा उजेडात बघायचा आणि सावकाश फिरवायचा. माणिक असेल तर शेजारीशेजारी दोन छटा दिसतात, एक जांभळट लाल, दुसरी नारिंगी लाल. स्पिनेल कसंही फिरवा, रंग एकच. कारण माणकात शिरलेला उजेड दुभंगतो, स्पिनेलमध्ये दुभंगत नाही.

आता माणिक जन्मतं कसं ते ऐका. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. माणिक म्हणजे कुरुंद, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स! शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. शंभरात एखादा भाग क्रोमियम मिसळलं की त्याचं माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. पण जमिनीत जिकडेतिकडे सिलिका. ती भेटली की अॅल्युमिनियम तिच्याशीच जोडी जमवतं आणि माणिक राहून जातं. म्यानमारच्या मोगोक खोऱ्यात मात्र योग जुळून आला. आपला भारत आशियाला धडकला, हिमालय उचलला गेला, आणि त्याच दाबात, त्याच आचेत तिथल्या चुनखडीचा संगमरवर झाला. त्यात सिलिका कमी, लोहही कमी. म्हणून तिथली माणकं अतिनील किरणांत निखाऱ्यासारखी पेटतात. उन्हातही हे किरण असतातच, त्यामुळे लाली आतून उजळते.

लोह वाढलं की ही झळाळी मंदावते, आणि झळाळीचा भावाशी जवळचा संबंध. एरवी खडा मोठा तसा दर कॅरेटचा भावही चढतो, पण २०१५ साली जिनिव्हात काय झालं पाहा. म्यानमारचं २५.५९ कॅरेटचं ‘सनराइज रूबी’ तीन कोटी डॉलरच्या वर गेलं. २०२३ साली न्यूयॉर्कला मोझांबिकचं ५५.२२ कॅरेटचं माणिक विकलं गेलं. वजन दुपटीहून जास्त, तरी किंमत साडेतीन कोटींच्या आतच! लिलावाचा आकडा एका कारणानं ठरत नाही, पण रंगाचा आणि खाणीचा मान केवढा, ते यावरून कळतं.

भिंगातून माणकाच्या पोटात डोकावलं तर कधीकधी बारीक सुया दिसतात, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या. त्या रूटाइल नावाच्या खनिजाच्या. जवाहिरे त्यांना रेशीम म्हणतात. फार दाटल्या तर खडा ढगाळतो, पण तोच घुमटाकार घासला की त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. भट्टीत खूप तापवलं की सुया विरघळतात, तुटक ठिपके उरतात. खडा स्वच्छ दिसतो खरा, पण तशाच रूपाच्या न तापवलेल्या माणकाला मोल कितीतरी जास्त. म्हणून पारखी अखंड रेशीम शोधत असतो.

आणखी एक. १९०२ साली ऑगस्त व्हर्नुई यांनी ज्वालेत माणिक घडवायची रीत जाहीर केली. रसायन तेच, कठीणपणाही तोच! फक्त वाढीच्या रेघा वळतात आणि वायूचे बुडबुडे राहतात. खाणीतल्या माणकात त्या रेघा सरळ असतात. तेव्हा मोठं, निर्मळ आणि वर स्वस्त असं माणिक कुणी पुढ्यात ठेवलं, तर भाव विचारण्याआधी भिंग मागा आणि वाकड्या रेघा शोधा.