शंभर रुपयांचा स्टँप

शहरातील घर सामान्य माणसाच्या आवाक्यात कसे यावे, या वादात मुंबई-पुण्याचे पंडित चटईक्षेत्र निर्देशांकाची भाषा बोलतात. पण अकोल्याच्या कौलखेडकडे किंवा अमरावतीच्या रहाटगावकडे सायंकाळी सहज निघालेल्यास, काल-परवापर्यंत कपाशी उभी असलेल्या काळ्या जमिनीत रोवलेले सिमेंटचे खुंट आणि पंधरा बाय चाळीसच्या तुकड्यावर टिनाचे छप्पर टाकून राहिलेले एखादे कुटुंब दिसते. कागद विचारला की पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला शंभर रुपयांचा स्टँप निघतो. आता, शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तावाचून विकता येत नाही, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास 1947 चा तुकडेबंदी कायदा मज्जाव करतो; म्हणजे जन्माची पुंजी ओतूनही हाती पडतो तो केवळ इसार.

भाडेकरूंची गोष्ट निराळी. वऱ्हाडात 1949 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण हुकुमान्वये नियंत्रकाच्या परवानगीखेरीज घरमालकास जागा सोडण्याची नोटीसही देता येत नसे. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा राज्यव्यापी कायद्याने घेतली, आणि वार्षिक चार टक्के भाडेवाढीची मुभा आली. आज तो वाद थंडावला आहे, कारण अकरा महिन्यांच्या करारनाम्याने दोन्ही पक्षांनी आपली वाट काढली.

खरी अडचण जमिनीच्या हक्काची आहे. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी मिळत असत. परंतु जागा स्वतःची असल्याचा पुरावाच ज्यापाशी नव्हता, त्याच्या दारी जोत्याचा हप्ताही पोचत नसे. अशा गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जमिनींसाठीच्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीचे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ही मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे सरकली. रहिवाशांस यात दिलासा आहे, हे खरे. परंतु शेत कापून विकणाराही पुढच्या मुदतवाढीकडे डोळे लावूनच खुंट रोवतो, अशी माझी शंका आहे.

“टॅक्स त भरतो ना बाप्पा, मंग घर आमचं काऊन नाही?” असे विचारत घरधनी त्याच पिशवीतून महापालिकेची पावती काढतो. नाव त्याचेच असते. मात्र मालकाच्या रकान्यात नव्हे, भोगवटादाराच्या.