लढतीचे खेळ नवख्याला का जड जातात?

डोंबिवलीस आमच्या शेजारचा एक मुलगा पडद्यावरील लढतीचा खेळ शिकू लागला आणि आठ दिवसांत सोडून बसला. "काका, मी हरतो त्याचे काही नाही, पण का हरतो तेच कळत नाही," असे तो म्हणाला. आमच्या मते सारी अडचण त्या वाक्यात आली.

बुद्धिबळात हरलेल्यास पटाकडे पाहत विचार करायला सवड असते. इथे सेकंदाचे ६० तुकडे पडतात. 'स्ट्रीट फायटर'मध्ये अग्निगोळा फेकायचा तर दांडी खाली, तिरपी, पुढे अशी फिरवून लगेच ठोशाचे बटण दाबावे लागते. बोटांना हे वळण लागेपर्यंत प्रतिपक्षाकडे लक्ष जाणार कसे? शिवाय फटका दिसून आपला हात हलेपर्यंत पाव सेकंद जातो, म्हणजे १५ तुकडे संपले! त्याहून जलद फटका आधीच ओळखावा लागतो, आणि ही ओळख मार खाल्ल्यावाचून होत नाही.

तालमीतही मार आहेच. पण तिथे वस्ताद जोड बेताची देतो, डाव सावकाश फोडून दाखवितो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा मातीत मुरलेला हा मल्लही गादीवर नवखाच होता. तरी ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले.

शेजारचा मुलगा आता रविवारी कल्याणच्या मावसभावाकडे जातो. मावसभाऊ एकच फटका पुन्हा पुन्हा मारतो, ह्याला तो अडविता येईपर्यंत.