काटा दाखवतो ते किती खरे?

मापात पाप करू नये, ही शिकवण सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या पूर्वजांनी गाठोड्यात बांधूनच नेली होती. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाई. खोटे माप कोणाच्या बाजूने झुकते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आज ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण रस्त्यांवर मोटारी हाकीत आहेत. त्यांच्याही डोळ्यांपुढे मापांची रांग असते आणि तीही सर्वस्वी खरी नसते. ती कोणत्या बाजूस झुकते व का, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वेगमापकाचा विचार करू. १९०२ साली जर्मनीतील ऑटो शुल्ट्झे यांनी ज्या वेगमापकाचे पेटंट घेतले, त्यात फिरते लोहचुंबक धातूच्या वाटीस ओढी आणि बारीक स्प्रिंग तिला आवरून धरी. आजच्या मोटारीत विद्युत्-संवेदक फेरे मोजतो. परंतु रस्ता दोघांपैकी कोणीच मोजीत नाही. चाकाचा घेर ठराविक आहे असे गृहीत धरून हिशेब केला जातो. ६४० मिलिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी ६ मिलिमीटर झिजली, की घेर सुमारे २ टक्क्यांनी घटतो आणि काटा वेग वाढवून सांगतो. उलट हौसेने मोठे टायर बसविले, तर काटा वेग कमी सांगतो आणि दंड मात्र खऱ्या वेगाचा भरावा लागतो.

ऑस्ट्रेलियात २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमानुसार नव्या मोटारीच्या काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखविता कामा नये. जास्त दाखविण्यास मात्र १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. म्हणजे खरा वेग १०० असता काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो. ही चूक चालकाच्या हिताची आहे. पूर्वीच्या नियमात १० टक्क्यांची सूट दोन्ही बाजूंस होती. म्हणून जुनी मोटार चालविणाऱ्याने अधिक सावध असावे.

इंधनाच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने पातळी निम्मी झाली म्हणजे इंधन निम्मे उरले, असे नव्हे. चढउतारावर तर गोळा आणखी फसवितो. नल्लरबॉरच्या माळरानावर १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. अशा वाटेवर काट्याच्या भरवशावर राहणे जिवावर बेतू शकते.

तापमानाचा काटा सर्वांत कपटी! अनेक मोटारींत थोड्याफार चढउताराने तो मध्यावरून हलतच नाही. त्याहून वाईट म्हणजे गळतीने पाणी संपले, की संवेदक कोरडा पडतो. इंजिन होरपळत असतानाही काटा थंड दिसू शकतो.

उपाय साधे आहेत. सपाट, सरळ रस्त्यावर उपग्रहाधारित दिशादर्शकाशी वेग ताडून पाहावा. दर वेळी टाकी पूर्ण भरून किती किलोमीटरला किती लिटर लागले, याची टिपणवही ठेवावी. प्रवासापूर्वी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहावी. वाफ किंवा जळका वास आल्यास काटा काहीही सांगो, गाडी तत्काळ थांबवावी.

दुसऱ्याच्या मापावर ज्यांना दिवस काढावे लागले, त्यांच्या वंशजांनी आपले माप आपणच ताडून पाहावे, हे उचितच होय.