मॅरेथॉन : संथ पावलांची शर्यत

बंगळूर शहरात पहाटेचे साडेपाच वाजले की कब्बन पार्कच्या वाटांवर माणसे धावताना दिसू लागतात. त्यांत विशीतले विद्यार्थी असतात, तसेच पन्नाशी उलटलेले गृहस्थही असतात. दिवसभर कचेरीत बसून काम करणारे असतात, आणि घरची मंडळी जागी होण्यापूर्वी बाहेर पडलेल्या गृहिणीही असतात. यांपैकी बहुतेकांचा धावणे हा व्यवसाय नव्हे, आणि बक्षिसाची आशाही त्यांना नसते. तरीही त्यांतल्या अनेकांचे लक्ष काही महिन्यांनी उगवणाऱ्या एका सकाळकडे लागलेले असते. त्या सकाळी त्यांना ४२ किलोमीटर १९५ मीटर धावायचे असते. मुंबईच्या बोरीबंदराहून लोहमार्गाच्या कडेने निघालेला मनुष्य एवढ्या अंतरात ठाणे मागे टाकून मुंब्र्याच्याही पुढे जाईल. सामान्य प्रकृतीच्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला हे कसे साधते, आणि ज्यांना साधत नाही त्यांचे नेमके कोठे चुकते, हे समजून घेण्याजोगे आहे.

या शर्यतीचे नाव ग्रीस देशातील मॅरेथॉनच्या रणभूमीवरून पडले. विजयाची वार्ता घेऊन एक दूत तेथून अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही; परंतु तिच्याच स्मरणार्थ १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत ठेवण्यात आली. आजचे विचित्र वाटणारे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ साली ते कायम ठरले.

मराठी मुलुखाचा या शर्यतीशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी सर दोराबजी टाटांच्या दृष्टीस पडले. त्यांचा वेग पाहून, ही माणसे युरोपातील खेळाडूंच्या तोडीची आहेत, अशी टाटांची खात्री झाली आणि १९२० साली त्यांच्या पुढाकाराने अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी एक लहानसे पथक रवाना झाले. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. किलोमीटरला चार मिनिटे हा त्यांचा सरासरी वेग होता. आजच्या हौशी माणसाला शर्यत पुरी करण्यास बहुधा चार ते पाच तास लागतात. साडेचार तासांत ती संपविणारा मनुष्य किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद घेतो. चौगुल्यांची बरोबरी करणे हे त्याचे उद्दिष्टच नव्हे. त्याचा झगडा निराळा आहे, आणि तो बव्हंशी स्वतःच्या उतावळेपणाशी आहे.

तो झगडा समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. धावताना शरीर दोन प्रकारचे इंधन जाळते : एक साखरेपासून बनलेले ग्लायकोजेन आणि दुसरे चरबी. ग्लायकोजेन लवकर जळते, पण त्याचा साठा थोडा. स्नायू आणि यकृत मिळून तो सुमारे दोन हजार उष्मांकांचा भरतो. आता साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास साधारणतः साठ उष्मांक लागतात; म्हणजे पूर्ण शर्यतीला अडीच हजार. जमेपेक्षा खर्च अधिक. सारी भिस्त ग्लायकोजेनवर ठेवणाऱ्याची शिल्लक तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपते. तोपर्यंत मजेत धावणाऱ्याचे पाय एकाएकी जड होतात, डोके सुन्न होते आणि समोर जणू भिंत उभी राहते. ही तूट चरबीने भरून काढता येते, कारण तिचा साठा कृश माणसाजवळही विपुल असतो. परंतु चरबी सावकाश जळते. वेग जितका अधिक, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. वेग जितका बेताचा, तितकी चरबी कामी येते.

म्हणूनच मॅरेथॉनच्या तयारीतील बहुतेक धावणे मंदगतीचे असावे लागते. शेजारच्या सोबत्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतकाच वेग, ही त्याची सोपी खूण. नवशिक्याला यात कमीपणा वाटतो. ओळखीचे लोक पुढे निघून जाताना पाहून त्याचे पाय आपोआप उचलले जातात. पण या संथ धावण्यातूनच स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, हृदय एका ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि चरबी जाळण्याची शरीराची शक्ती वाढते.

येथे आणखी एक फसगत संभवते. नियमाने धावू लागल्यावर दीड-दोन महिन्यांत दम पुरू लागतो. मनुष्याला वाटते, आता आपण तयार झालो. परंतु हाडे आणि कंडरा यांना बळकट होण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दम आहे म्हणून अंतर भराभर वाढविणाऱ्याची टाच, गुडघा किंवा नडगी दुखावते आणि तयारी अर्ध्यावर मोडते. यास्तव दर आठवड्याचे अंतर मागील आठवड्याच्या एकदशांशाहून अधिक वाढवू नये, असा जाणत्यांचा संकेत आहे. बंगळुरात २००८ साली दहा किलोमीटरांची मोठी वार्षिक शर्यत सुरू झाली. तिच्यासारख्या शर्यतीपासून आरंभ करावा, मग एकवीस किलोमीटरांच्या अर्ध्या मॅरेथॉनकडे वळावे, आणि पूर्ण मॅरेथॉनचा विचार त्यानंतर करावा, हाच शहाणपणाचा क्रम. आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, लांबचे धावणे असते. ते वाढत वाढत तीस-बत्तीस किलोमीटरांवर नेतात आणि शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर उतरवीत आणतात, म्हणजे शरीराला झीज भरून काढण्यास सवड मिळते. चाळिशीच्या पुढच्या माणसाने आरंभापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

बंगळूरची हवा या उद्योगास अनुकूल खरी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे पहाटे तेथे बहुधा गारवा असतो, आणि रस्त्यांचे चढउतार पायांना आपसूक मेहनत घडवितात. परंतु याच हवेला सरावलेला मनुष्य जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला गेला की त्याला निराळा अनुभव येतो. २००४ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत हौशी धावणारे ऊन चढेपर्यंत रस्त्यावर असतात. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाहतो, पण वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. अशा दिवशी बंगळूरचा वेग तेथे धरून ठेवणे धोक्याचे असते. घड्याळाचे काही न ऐकता वेग कमी करणे हाच त्यावर उपाय.

पाण्याच्या बाबतीतही दोन टोकांच्या चुका घडलेल्या आहेत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात आणि धुळीत धावणाऱ्यांना वाटेत जवळजवळ पाणी मिळाले नाही. ३२ जणांपैकी १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले. याच्या उलट, २००२ साली बॉस्टनच्या शर्यतीअखेर ४८८ जणांचे रक्त तपासले असता १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम वाजवीपेक्षा कमी झालेले आढळले. अतिरेकी पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते, आणि हा विकार प्राणावरही बेतू शकतो. सामान्य माणसाने तहान लागेल तसे प्यावे; न पिणेही वाईट आणि भीतीपोटी पीत राहणेही वाईट.

शर्यतीच्या दिवशी या साऱ्या शिक्षणाची परीक्षा पहिल्या दहा किलोमीटरांतच होते. पाय विश्रांती घेऊन ताजे झालेले असतात, भोवती गर्दी असते, लोक टाळ्या वाजवीत असतात. त्या भरात जो वेग वाढवितो तो तिसाव्या किलोमीटरनंतर त्याचे मोल चुकते करतो. जो आपला ठरलेला वेग सोडत नाही, दर तास-पाऊण तासाने केळे किंवा गूळ-साखरेसारखे काही थोडे थोडे खातो, त्याला शेवटचे दहा किलोमीटर कष्टाचे जातात, पण जातात. आणि छातीत कळ आली, भोवळ आली, किंवा उन्हात घाम येणेच थांबले, तर तत्क्षणी थांबून मदत मागावी. शर्यत पुढील वर्षीही येते.

कब्बन पार्कमध्ये पहाटे सावकाश धावणाऱ्या त्या माणसांकडे पाहून, इतक्या हळू धावून हे काय साधणार, असे एखाद्या फिरावयास आलेल्या गृहस्थाच्या मनात येते. त्याच गतीने ही माणसे पाच-सहा महिने रोज उठून येतात, पावसातही येतात, आणि एके दिवशी बेचाळीस किलोमीटर पार करून, सोमवारी सकाळी जिना उतरताना कठड्याचा आधार घेत का होईना, आपापल्या कामावर वेळेवर हजर होतात.